सतरा नंबरची बाटली

पहाटे पावणेचार, वरळी सी-फेस.
घडीचं टेबल, बर्फाचा डबा, जांभळ्या झाकणांच्या नळ्या
आणि मी, रक्त काढणारा.
ओहोटी लागलेली. खडकांना कालचा वास.
कुणीतरी विचारतंच, इथे चहा मिळतो का?
मिळत नाही. कागदावर लिहिलंय, उपाशी पोटी यायचं.

सतरा नंबर म्हणजे कुमुदिनी वैती, पोलीस शिपाई, वय एकेचाळीस.
दंडावर गणवेशाची हद्द आखलेली,
खाली रापलेली कातडी, वर साय.
"डावा हात घ्या," म्हणायची,
"उजव्याची शीर आरोपीसारखी लपते."

एक नळी धावण्याआधी.
मग हाजी अली, पेडर रोडचा चढ, चौपाटी,
नरिमन पॉइंटला हात लावून परत.
आल्या आल्या दुसरी नळी, घाम टेबलावर टपटपत असताना.
तिसरी दोन तासांनी,
तोवर ती कठड्यावर बसून बुटातली वाळू झाडायची.

भरूचा बाईंनी मला एकदा समजावलं होतं:
जोरात धावलं की पांढऱ्या पेशी रक्तात लोटतात,
मोर्चा निघावा तशा,
आणि दोन तासांनी मोजायला जावं तर निम्म्या गायब.
मेल्या, की कुठे गेल्या,
यावर शहाण्यांचं अजून भांडण चालू आहे.

वैतीला सांगितलं तर ती हसली.
"बंदोबस्त सुटला की चौकी अशीच रिकामी दिसते, दादा.
पळत नाही कुणी.
कुणी हॉस्पिटलच्या गेटवर, कुणी अंधाऱ्या गल्लीच्या तोंडाशी.
तुमच्या रजिस्टरात सापडत नाहीत, एवढंच."

आठ आठवडे, रोज एक नारिंगी गोळी, चघळायची.
अर्ध्या बाटल्यांत जीवनसत्त्व,
अर्ध्यांत नुसता रंग, साखर आणि आंबटपणा.
कुठली कुणाची, ते पाकिटात बंद.
मलाही ठाऊक नव्हतं.

शेवटच्या दिवशी उरलेल्या गोळ्या मोजायच्या होत्या.
सतरा नंबरची बाटली धुतलेली. आत वेलदोड्याचा वास.
"संपल्या?"
"संपल्या."
मी लिहायला लागलो, तेवढ्यात तिनं पेन धरलं.

"खोटं नाही लिहायचं. पहिला आठवडा मी खाल्ल्या.
मग अख्खी नाईट ड्युटी खोकायला लागली,
ठाणे अंमलदारापासून चहा आणणाऱ्या पोरापर्यंत.
मी एकटीच कशी खाऊ, सगळ्यांदेखत?
रात्री अकराला बाटली वाजवायची मी.
सगळे हात पुढे करायचे."

"गुण आला?"
"कुणाला आला. कुणाला नाही.
माझा मात्र घसा बसला. दहा दिवस शिट्टीवर भागवलं."

मी भरूचा बाईंना सगळं सांगितलं.
त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत.
पट्टी घेतली आणि सतरावर सरळ रेघ मारली.
तिच्या नळ्या अजून फ्रीझरमध्ये आहेत, उणे ऐंशीला,
कुणाच्याच हिशोबात नसलेल्या.

मार्चमध्ये पाकीट उघडलं.
रेघेखालून आकडा दिसत होता.
सतरासमोर काय लिहिलंय ते मी वाचलं
आणि कुणाला सांगितलं नाही.
तिला तर नाहीच.

परवा माझा मोबाइल गेला, प्रभादेवीच्या बस स्टॉपवरून.
तक्रार लिहायला गेलो तर टेबलामागे तीच.
माझं नाव लिहिताना वेलांटी चुकली तिची, मी बोललो नाही.
बाकावर दोघे खोकत होते. माझंही नाक वाहत होतं.
घड्याळात अकरा.

तिनं खणातून बाटली काढली, दुकानातून आणलेली,
आणि वाजवली.

मीही हात पुढे केला.
आंबट होती.